मॉन्ट्रिअलची घंटा, वाडिया पार्कची शिट्टी

९ नोव्हेंबर १९९७ च्या रात्री कॅनडातल्या मॉन्ट्रिअल शहरात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीचा 'सर्व्हायव्हर सिरीज' हा कार्यक्रम झाला. तिकडे असे मोठे कार्यक्रम 'पे-पर-व्ह्यू' असत. म्हणजे त्या एका रात्रीसाठी घरटी तीसेक डॉलर वेगळे मोजायचे, तेव्हा टीव्हीवर चित्र यायचं. आपल्याकडे हे सगळं केबलवाल्याच्या कृपेनं, शिळं होऊन, तुकड्यातुकड्यानं पोचलं. त्याआधी पोचली होती ती तिथल्या मल्लांची ट्रम्प कार्डं. अंडरटेकरची उंची आणि योकोझुनाचं वजन नगर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांना पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. 'ते खरं मारतात का?' हा वाद मधल्या सुट्टीत मिटत नसे आणि तो मिटावा असं कुणालाच वाटत नसे.

अमेरिकेत तो कागदोपत्री मिटलाही होता. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर टाळण्यासाठी या कंपनीनं १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं होतं की आमची कुस्ती म्हणजे करमणूक, निकाल आधीच ठरलेले असतात. आपल्या भाषेत नुरा कुस्ती. फरक एवढाच की आपल्याकडे नुरा म्हणजे लबाडी, तिकडे तो राजरोस धंदा.

आणि नेमक्या या राजरोस खोट्या आखाड्यात मॉन्ट्रिअलला एक खरी गोष्ट घडली. विजेतेपदाचा पट्टा ब्रेट हार्टकडे होता. तो कॅनडाचाच, आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत निघालेला. जाण्यापूर्वी पट्टा सोडायला त्याची ना नव्हती, पण स्वतःच्या देशात, शॉन मायकेल्सपुढे, हरायला तो तयार नव्हता. करारानुसार शेवटच्या दिवसांत आपल्या पात्राचं काय व्हावं हे ठरवण्यात त्याचा शब्द चालत होता. मालक व्हिन्स मॅकमॅहननं गोंधळात सुटणाऱ्या निकालाला मान्यता दिली. मग प्रत्यक्ष लढतीत मायकेल्सनं हार्टचाच 'शार्पशूटर' हा डाव हार्टवर बांधला, हार्टनं हार मानलेली नसताना पंच अर्ल हेब्नरनं इशारा केला आणि रिंगणाशेजारी उभ्या मॅकमॅहननं घंटा वाजवायला लावली. हार्ट मालकाच्या तोंडावर थुंकला. प्रेक्षकांकडे वळून त्यानं हवेत बोटानं डब्ल्यूसीडब्ल्यू अशी अक्षरं काढली, आणि नंतर पडद्यामागच्या खोलीत मॅकमॅहनला ठोसा लगावला. तो ठोसा संहितेत नव्हता.

हा कार्यक्रम आजही लोक उकरून पाहतात. ठरवून लढणाऱ्यांमध्ये सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे दिलेला शब्द, हे त्या रात्री उघड्यावर आलं. सगळं खोटं असलं तरी ते खोटं दोघांच्या संमतीचं असतं. आपली मान समोरच्याच्या हातात देऊन आपटून घेणारा मल्ल त्या संमतीच्या भरवशावरच ती देतो. मॅकमॅहननं तीच मोडली.

या प्रकरणाची आठवण आपल्याकडे व्हावी असा प्रसंग २०२५ च्या सुरुवातीला नगरलाच घडला. शहराच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची ६७ वी स्पर्धा भरली होती. शेवट २ फेब्रुवारीला. झगमगते दिवे, थेट प्रक्षेपण, नेत्यांची रांग, विजेत्याला थार गाडी. थाटामाटात पे-पर-व्ह्यूच्या तोडीचं सगळं. गादी विभागाच्या अंतिम लढतीत दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला शिवराज राक्षे आणि पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ समोरासमोर होते. पंचांनी राक्षेला चितपट ठरवलं. त्याचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चित्रण पुन्हा बघा. ते झालं नाही. संतापलेल्या राक्षेनं पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्यानंतर गदेसाठीच्या, म्हणजे किताबाच्या, लढतीत मोहोळसमोर माती विभागातून आलेल्या सोलापूरच्या महेंद्र गायकवाडनंही निकालावर आक्षेप घेत शेवटची काही सेकंदं उरली असताना मैदान सोडलं. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर कुस्तीगीर संघानं तीन वर्षांची बंदी घातली.

लाथेचं समर्थन मी करणार नाही. पंचावर हात उचलणारा मल्ल आखाड्यात नको, हे कुठलाही वस्ताद सांगेल. मोहोळचा तर यात काडीचा दोष नव्हता. तो लढला, पंचांनी हात वर केला, त्यानं विजय घेतला. मला खुपतं ते वेगळंच. खोट्या म्हणवणाऱ्या कुस्तीत हार्टला निदान नेमकं ठाऊक होतं की शब्द कुणी मोडला. आपल्या शंभर टक्के खऱ्या कुस्तीत वाडिया पार्कवरून घरी परतलेल्या हजारो माणसांना काय घडलं तेच ठामपणे सांगता येत नव्हतं. ज्यानं त्यानं मोबाइलवर आपापली क्लिप थांबवून खांदा मोजला.

असं का व्हावं, हे समजायला याच जिल्ह्यातला यात्रेतला कुस्त्यांचा हगामा पाहावा. पाथर्डीकडे मोहटादेवीच्या यात्रेत, किंवा कुठल्याही गावच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी. दुपारी रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या सुरू होतात, हलगी कडाडते, फेटेवाले म्हातारे जोडी लावतात आणि इनामाचा आकडा चढत जातो. तिथं गुण नसतात. कुस्ती निकाली झाली तर इनाम, नाही तर बरोबरीत सुटते आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. पाठीला माती लागली की लागली. (मल्ल आधीच मातीनं माखलेला असतो, तेव्हा हा पुरावा कोर्टात टिकायचा नाही, हे मान्य.) पण मुख्य गोष्ट अशी की भोवतीचं कडं हाच खरा पंच असतो. चारी बाजूंनी बसलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी कधी ना कधी लांग बांधलेली असते. ढाक पूर्ण बसली की अर्धी, घिस्सा खरा की मल्ल स्वतःच पडला, हे त्यांना लांबूनही कळतं. नुरा असेल तर पहिल्या मिनिटाला शिट्ट्या सुरू होतात. आत उभा असलेला पंच या कड्याच्या धाकात असतो.

गादीवरची कुस्ती वेगळ्या भरवशावर चालते. नियम आंतरराष्ट्रीय, गुणांचे. गुण कशाचा मिळाला हे गावच्या दर्दी प्रेक्षकालाही चटकन उमगत नाही. कड्याची नजर तिथं निकामी होते, आणि तिची जागा घ्यायला असते एक शिट्टी नि दोन-तीन माणसांचं मत. चितपट म्हटलं की कुस्ती तिथंच संपते. ऑलिंपिक गाठायचं तर गादी हवीच, त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. आपण दिवे आणले, पडदे आणले, गाड्या आणल्या. निकालावरचा विश्वास मात्र हगाम्याचाच गृहीत धरला.

त्यात भर राज्यातल्या कुस्तीच्या दोन भांडणाऱ्या संघटनांची. नगरच्या स्पर्धेला दोन महिने होत नाहीत तोच, मार्च २०२५ च्या अखेरीला, याच जिल्ह्यात कर्जतला दुसऱ्या गटाची महाराष्ट्र केसरी भरली. सोलापूरच्या वेताळ शेळकेनं २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी झालेल्या पृथ्वीराज पाटीलला हरवून गदा घेतली. आकडेमोड बघा: नगरची ६७ वी आधी, कर्जतची ६६ वी नंतर. असं हे पहिल्यांदाही नव्हतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे, असे एकाच महिन्यात दोन केसरी झाले होते. अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि डब्ल्यूसीडब्ल्यू सोमवारी रात्री एकमेकांचे प्रेक्षक पळवत, तेव्हा त्या चढाओढीत मल्लांचे भाव वाढले. हार्टलाही त्यामुळेच तिकडून मोठं बोलावणं आलं. आपल्याकडच्या भांडणात मल्लाच्या पदरात काय पडलं? पूर्वी जी गदा पाहिली की गाव वेशीपर्यंत येई, तिच्याबद्दल आता आधी विचारतात: कुठली, त्यांची की यांची?

हे हलकं प्रकरण नाही, कारण इथला मल्ल हार्टसारखा लाखो डॉलरच्या करारावर उभा नसतो. दूध, बदाम, तूप, तालमीतला मुक्काम यांचा खर्च घरची शेती किंवा कुणी वर्गणीदार उचलतो. गदेच्या जोरावर सरकारी नोकरीचं दार उघडू शकतं. माजी महाराष्ट्र केसरी विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाला तो याच वाटेनं. पंचविशीतल्या पैलवानाला तीन वर्षांची बंदी म्हणजे उमेदीचा मोठा तुकडा. मॅकमॅहननं मॉन्ट्रिअलनंतर प्रेक्षकांचा राग फुकट जाऊ दिला नाही. स्वतःच 'मिस्टर मॅकमॅहन' नावाचा खलनायक बनून वर्षानुवर्षं तो विकला. २०१० मध्ये हार्टही परतला, मायकेल्सशी हात मिळवला, आणि त्या समेटाचेसुद्धा कार्यक्रम झाले. आपल्या पैलवानाला अन्याय विकता येत नाही. त्याला तो फक्त सोसता येतो किंवा लाथ मारता येते.

याच जिल्ह्यातल्या एका मल्लानं वेगळा शेवटही दाखवला आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या हर्षवर्धन सदगीरनं जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत लातूरच्या शैलेश शेळकेला अवघ्या एका गुणानं हरवलं आणि लगेच त्याला खांद्यावर उचलून घेतलं. दोघे वस्ताद काका पवारांचेच पठ्ठे. तो प्रसंग सांगताना लोक संस्कार, खिलाडूपणा असे शब्द वापरतात. मला त्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते: निकालाबद्दल दोघांपैकी कुणाच्याही मनात किंतू नव्हता. तो असता तर एकाच तालमीतले असूनही हे जमलं असतं का, सांगता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एका मागणीपुरतंच आहे. मुख्य लढतीत चितपट जाहीर करण्याआधी तो क्षण मैदानातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवावा, आणि पंचांनी त्याच पडद्याकडे बोट करून निर्णय द्यावा. काही वस्ताद म्हणतील, यानं कुस्तीची गती मोडते, सिनेमा होतो. गती मोडेल, हे खरं. पण पडदा तिथं असतोच. लढतींच्या मधल्या वेळात त्यावर पाहुण्यांचे चेहरे फिरत असतात.