वेस नसलेली वेस

पुण्यात कुंभारवेस कुठे म्हणून विचारले तर शेंबडे पोरही सांगेल. मुठेच्या काठाला, डेंगळे पुलाजवळ. मात्र तिथे पोचल्यावर ‘यात वेस कुठली?’ असे विचारू नये. ‘हीच की!’ असे म्हणून तो पुणेकर आपल्याकडे असा बघतो, की वेस न दिसणे हा आपल्याच चष्म्याचा दोष ठरावा.

दिसणार कशी? कसब्याला पूर्वी कोट होता. पांढरीचा कोट म्हणत त्याला. पांढर म्हणजे वस्तीची जमीन, काळी ती पिकाची. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, कोट पाडला. तेवढ्यावर गृहस्थाचे समाधान झाले नाही. त्याने गावावरून गाढवाचा नांगर फिरवला आणि वर पहार ठोकली. इतका खटाटोप करूनही पुढच्या काही वर्षांत गाव पुन्हा वसले, आणि आता तिथे स्कूटर लावायला जागा नाही! कोटाची नावे तेवढी उरली. आणि एक सवय. कोथरूडचा माणूस मंडईत निघाला की आजही म्हणतो, ‘जरा गावात जाऊन येतो.’ चारशे वर्षांपूर्वी पडलेली भिंत हा मनुष्य रोज ओलांडतो, आणि तीही बसने.

भिंत पडली तर पडली, असे म्हणून सोडून देता आले असते. पण भाषा सोडू देत नाही. अब्रू आपण अजून वेशीवरच टांगतो. आणि ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द? त्याचा अर्थ कुणाला कोशात पाहावा लागत नाही. कूस म्हटले की मला मंगळवेढे आठवते. तिथले गावकूस बांधताना ते कोसळले आणि त्याखाली चोखामेळा गेला, १३३८ साली. ज्या भिंतीच्या आत त्याला घर बांधता येत नव्हते, ती बांधायला मात्र तो चालत होता. शत्रू आलाच असता तर ती भिंत कोणाला वाचवणार होती आणि कोणाला बाहेर ठेवणार होती, हे त्याच्याइतके कोणाला कळले असेल?

जुने दगड जपावेत या मताचा मी आहे. वेस उभी असली म्हणजे निदान बोट दाखवून सांगता तरी येते, की बाबा, आत-बाहेर इथे ठरत असे. दगड गेले की तो हिशेब माणसांच्या डोक्यात जातो, आणि तिथे पुरातत्त्व खात्याचा निळा फलक लावता येत नाही.

आमच्या सोसायटीलाही कूस आहे. वर काचा, दारात वॉचमन, वॉचमनपाशी वही. कामाला येणाऱ्या बायकांनी वहीत नाव लिहायचे आणि मागच्या लिफ्टने वर जायचे, असा ठराव आहे. ठरावाच्या विरुद्ध हात एकच वर झाला होता. आमच्याकडे येणाऱ्या मावशी राहतात कुंभारवेशीच्या आत, चार पिढ्यांपासून. आमच्या सोसायटीच्या जागी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्वारी होती. हे त्यांना सांगितले तेव्हा भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, ‘मग काय! गावातली मीच. तुम्ही सगळे रानातले.’

आणि मागच्या लिफ्टने खाली गेल्या.