शंकेवर तारीख टाका

एखाद्या माणसावर आपण शंका घेतो. तो आपल्याकडून जातो आणि दुसरीकडे नाव काढतो. मग प्रश्न पडतो, आपली शंका चुकीची होती का? आणि चुकीची असेल, तर ती नेमकी कधी चुकीची झाली? घेतली तेव्हाच, की निकाल लागला तेव्हा?

हा प्रश्न नोकरीतला, लग्नातला, शाळेतला, कुठलाही असू शकतो. मी तो फुटबॉलमधून विचारतोय. कारण तिथे निकाल बोर्डावर लिहिलेला असतो, आणि शंका हजार माणसं एका वेळी, मोठ्याने घेत असतात.

माणूस आहे खालिद जमील. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याआधी तेरा वर्षं त्या जागेवर भारतीय माणूस नव्हता. शेवटचे होते साव्हियो मेडेरा. आज जमील यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी इनिंग मुंबई एफसीत गेली. निळ्या जर्सीतला मुंबई सिटी वेगळा, हा पिवळ्या जर्सीतला, २००७ साली सुरू झालेला क्लब.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर फुटबॉल हा तसा पाहुणा खेळ. हक्काचे खेळ म्हणजे कबड्डी आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल म्हणजे ओहोटी लागली की ओल्या वाळूवर चपलांचे गोलपोस्ट मांडून खेळायची गोष्ट. पण मांडव्याला बोटीत बसलं की तासाभरात गेटवे, आणि गेटवेवरून कूपरेज मैदान चालत. म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने मुंबई एफसी हा बोरिवलीकरांपेक्षा आम्हा अलिबागकरांना जवळचा. मी जायचो. शेवटची बोट चुकली की पनवेल, पेण, वडखळ करत एसटीने घर गाठायचं.

जमील २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि सात वर्षं राहिले. या सात वर्षांत क्लब विजेतेपदाच्या जवळपास कधी गेला नाही. खालच्या गटातही कधी गेला नाही. पैसा बेताचा, मोठी नावं फारशी नाहीत, मध्ये काही काळ कूपरेजचं काम निघालं म्हणून घरचे सामनेसुद्धा पुण्याला बालेवाडीत. जमील यांचा खेळ म्हणजे आधी घर सांभाळायचं. बचाव घट्ट, चेंडू लांब, एक गोल झाला की दार बंद. स्टँडमधली तक्रार ठरलेली होती: हा माणूस आपल्याला बुडू देत नाही, पण वरही नेत नाही. २०१६ मध्ये क्लब आणि जमील यांचे रस्ते वेगळे झाले.

पुढची गोष्ट फुटबॉलवाल्यांना पाठ आहे. जमील मिझोरमच्या ऐजॉल एफसीकडे गेले. ऐजॉल आदल्याच मोसमात आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं म्हणून त्याला परत जागा मिळाली. जयेश राणेसारखे मुंबई एफसीचे जुने खेळाडूही तिकडे होते. २२ एप्रिल २०१७ ला ऐजॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० हरवलं. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये मागे पडूनही १-१ अशी बरोबरी साधली आणि लीग जिंकली. ऐजॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातल्या क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ.

आणि त्याच मोसमात, त्याच गुणतक्त्यात, तळाशी होता मुंबई एफसी. खाली गेला, आणि नंतर राष्ट्रीय लीगमध्ये परत दिसलाच नाही.

एवढा सरळ हिशेब नियती सहसा मांडून देत नाही. ‘हा नसता तर काय झालं असतं?’ याचं उत्तर एरवी कुणालाच मिळत नाही, इथे एका वर्षात मिळालं. त्यामुळे साहजिकच सगळे म्हणाले, बघा, पिकतं तिथं विकत नाही. मुंबईकरांना हिरा ओळखता आला नाही.

मला हा निष्कर्ष पटत नाही. जमील मोठे प्रशिक्षक आहेत याबद्दल मला शंका नाही. पण ज्या रस्त्याने लोक या निष्कर्षापर्यंत आले, त्याच रस्त्याने ते उद्या उलटही जातील. आणि गेलेही. तिकडे नंतर येतो. आधी शंका म्हणजे काय ते नीट वेगळं करू, कारण स्टँडमधून येणाऱ्या त्या एका आवाजात निदान तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली शंका कुवतीची. या माणसाला हे काम जमतं का? ही शंका पुराव्यावर चालते, आणि ऐजॉलच्या लीगनंतर तिच्यात फारसा दम उरत नाही. पण पुरावा फक्त ऐजॉलला तयार झाला असं नाही. तो सात वर्षं मुंबईतही होता. दर वर्षी न बुडणं हाच तो पुरावा. घराचं छप्पर गळत नाही तोवर शाकारणाऱ्याची आठवण कोण काढतं? न घडलेली वाईट गोष्ट दिसत नाही. पकडलेला चषक दिसतो, टाळलेली घसरण दिसत नाही. तेव्हा या पहिल्या शंकेबद्दल मुंबईच्या चाहत्यांना एवढंच विचारता येईल, की जे समोर होतं ते मोजलं होतं का? ‘उद्या काय होईल ते का ओळखलं नाही’ हा प्रश्न मात्र अन्यायाचा आहे.

दुसरी शंका आवडीची. याचा खेळ मला बघायचाय का? चाहता दोन तासांसाठी तिकीट काढतो, बोटीचं भाडं भरतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. त्याला काहीतरी सुंदर बघायचं असेल तर तो गुन्हा नाही. जमील यांच्या बचावाच्या खेळाबद्दल माझी तक्रार होती ती याच जातीची, आणि ती आजही तशीच आहे. ऐजॉलने दहा लीग जिंकल्या असत्या तरी तिला उत्तर मिळालं नसतं, कारण ती जिंकण्या-हरण्याबद्दलची नव्हतीच. एखाद्याची भाजी पौष्टिक आहे हे मान्य करून ती मला आवडत नाही असं म्हणता येतं. यशाने आवडीची शंका खोटी ठरत नाही, हे यशस्वी माणसांचे भक्त नेहमी विसरतात.

तिसरी शंका माणसाच्या मुळाची. हा कुठला? याला काय कळणार? आम्हा अलिबागकरांना ही शंका चांगली ओळखीची आहे. कुणी फसवायला लागला की मुंबईत लोक म्हणतात, ‘मी काय अलिबागहून आलोय का?’ हा वाक्प्रचार बंद करावा म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली. न्यायालयाने ती फेटाळली. मला तो निर्णय पटतो, विनोदावर बंदी घालून काही साधत नाही. पण त्या वाक्यात शंकेचा तिसरा प्रकार जसाच्या तसा सापडतो. समोरच्याने अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही, आणि गावावरून त्याची अक्कल ठरलेली आहे. भारतीय फुटबॉलमध्ये भारतीय प्रशिक्षकाबद्दल हेच होत आलं. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली, पण कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिला भारतीय नेमला गेला तो २०२१ मध्ये. तेही जमीलच, नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये. त्यांना आधी तात्पुरतं बसवलं होतं. त्यांनी संघ प्लेऑफपर्यंत नेला, तेव्हा कुठे पद मिळालं. ही तिसरी शंका घेतली त्या क्षणीच चुकीची असते. ती चुकीची ठरायला चषक लागत नाही. जमील सगळे सामने हरले असते तरी ती चुकीचीच राहिली असती.

म्हणजे एकच माणूस, एकच स्टँड, एकच शिटी, पण हिशेब तीन. ‘तुम्ही चुकलात’ असं सगळ्यांना सरसकट म्हणणं सोपं आहे, पण त्यात पहिल्याची परीक्षा होत नाही, दुसऱ्यावर अन्याय होतो आणि तिसरा गर्दीत लपून सुटतो.

आता नशिबाकडे येऊ. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी एक अवघड गोष्ट मांडली, तिला ‘नैतिक नशीब’ म्हणतात. आपण म्हणतो, माणसाला त्याच्या हातातल्या गोष्टींवरून जोखावं. प्रत्यक्षात मात्र आपण त्याला त्याच्या हाताबाहेर गेलेल्या गोष्टींवरून जोखतो. आमच्याकडचं उदाहरण घ्या. वारा बदललाय, लाटा वाढल्यात. एक तांडेल बोट मागे फिरवतो, दुसरा पुढे जातो. दुसऱ्याला वादळ गाठत नाही, तो पापलेटाने बोट भरून येतो. बंदरावर पहिला भित्रा ठरतो, दुसरा मर्द. पंधरा दिवसांनी तसाच वारा असतो, तोच तांडेल पुन्हा पुढे जातो आणि या वेळी खलाशी घरी येत नाहीत. आता तो बेजबाबदार. त्याचा निर्णय दोन्ही वेळा सारखाच होता, बदललं ते हवामान.

शिलाँगमधला तो बरोबरीचा गोल झाला नसता, चषक हातातून निसटला असता, तर जमील वाईट प्रशिक्षक ठरले असते का? त्यांनी वर्षभर केलेलं काम तसूभरही बदललं नसतं. आपलं मत मात्र बदललं असतं.

२०२५ मध्ये हे सगळं पुन्हा, आणि फार वेगाने घडलं. जमशेदपूरसोबत आयएसएलच्या उपांत्य फेरीपर्यंत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन जमील राष्ट्रीय संघाकडे आले. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं. ८ सप्टेंबरला, त्याच सीएएफए नेशन्स कपमध्ये, क्रमवारीत बऱ्याच वर असलेल्या ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. शेवटची पेनल्टी गुरप्रीतने अडवली आणि सगळीकडे एकच सूर लागला: देशी माणसावर विश्वास टाकायला आपण इतका उशीर का केला? सहा आठवडेही झाले नाहीत. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर, आघाडी घेऊनही, भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१. आता सूर उलटा: क्लबचा माणूस, देशाचा संघ झेपला नाही.

खरं तर पात्रतेच्या पहिल्या दोन सामन्यांत भारताला एकच गुण मिळाला होता, आणि तेव्हा जमील प्रशिक्षकही नव्हते. पण पराभवाच्या रात्री जुनी थकबाकी कोण बघतो? जो खुर्चीवर बसलाय, बिल त्याच्या नावाने.

ज्यांनी सप्टेंबरमध्ये ‘आम्ही फेरविचार केला’ असं म्हटलं, त्यांनी फेरविचार केलाच नव्हता. त्यांनी निकाल वाचला होता. फेरविचार म्हणजे जुन्या पुराव्याकडे परत जाणं: तेव्हा माझ्यासमोर काय होतं, त्यातलं मी काय धरलं आणि काय सोडलं? निकाल फार तर त्या पुराव्याकडे बोट दाखवतो. तो स्वतः सगळा पुरावा नसतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कुणी म्हणेल, चाहता काय न्यायाधीश आहे? त्याने पुरावे तपासत बसावं? तो प्रेम करतो, चिडतो, ओरडतो, तेवढंच त्याचं काम. हे मी अर्धं मान्य करतो. नव्वद मिनिटं संतुलित राहणारा चाहता मला तरी मित्र म्हणून नको. पण आपण नव्वद मिनिटांवर थांबत नाही. नंतर चार दिवस फोनवर निवाडे देतो, माणसाला ‘संपला’ म्हणतो, त्याच्या आडनावावरून, गावावरून बोलतो. निवाडा द्यायचा असेल तर न्यायाधीशाची थोडी तरी शिस्त पाळावी लागते. आणि त्या आरडाओरड्याच्या दुसऱ्या टोकाला नोकरी असलेला, घरदार असलेला माणूस असतो.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. निकाल बाजूला ठेवला, तर खेळात मोजायचं काय? मेहनत केली, पण हरला, तरी शाबासकी? नाही. निकाल मोजायचेच, पण एकेक नाही, ढिगाने मोजायचे. एक पेनल्टी नशीब असू शकते. सात मोसम न बुडणं, मग ऐजॉल, मग नॉर्थईस्ट, मग जमशेदपूर, हे सगळं मिळून नशीब असू शकत नाही. तसंच राष्ट्रीय संघातले मोजके सामने हे अजून ढीग नाहीत, ना बाजूने ना विरोधात. तिथे शंका खुली ठेवणं हेच प्रामाणिकपणाचं, फक्त त्याला टाळ्या पडत नाहीत.

हे जमायला अडचण आपल्या डोक्याचीच आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला जाणार होते. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी त्याआधी विद्यार्थ्यांना विचारलं, तिथे काय काय घडण्याची किती शक्यता वाटते? दौरा झाल्यावर विचारलं, तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात? जे घडलं होतं ते आपल्याला आधीपासून जास्त शक्य वाटत होतं, असं बहुतेकांना आठवलं. ते खोटं बोलत नव्हते. निकालाने आठवणच बदलली होती. मुंबई एफसीच्या स्टँडमधला प्रत्येक जण आज शपथेवर सांगेल की खालिदभाईंवर त्याचा पहिल्यापासून विश्वास होता.

म्हणून माझा उपाय अगदी साधा आहे. कुणावर शंका घ्याल तेव्हा ती फोनमध्ये लिहून ठेवा आणि तिच्यावर तारीख टाका. दोनच ओळी. मला नेमकं काय खटकतंय: कुवत, आवड, की माणूस कुठून आलाय ते? आणि काय दिसलं तर मी मत बदलेन? तिसरं कारण लिहिताना हात आपोआप अडखळतो, आणि तेवढ्याने बरंच काम होतं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही, तर ती शंका नाही, नुसता राग आहे, हेही कळतं.

नव्या प्रशिक्षकाबद्दल लिहा, वर्गात नवीन आलेल्या मुलाबद्दल लिहा, ऑफिसातल्या नव्या साहेबाबद्दल लिहा. तो माणूस पुढे जिंकेल किंवा हरेल. ते त्याच्या आणि नशिबाच्या हातात आहे. आपण त्याच्याशी त्या तारखेला न्यायाने वागलो की नाही, एवढंच आपल्या हातात होतं, आणि ते कुठल्याही बोर्डावर लिहून येत नाही.