धीर कोणाचा?

खांद्याच्या सांध्याभोंवतीं चार स्नायूंच्या कंडरा असतात. त्यांपैकीं एखादी फाटली, तर शल्यवैद्य ती हाडास पुन्हां टांचतात. पण टांका केवळ धरून ठेवतो. सांधण्याचें काम शरीरच करतें व त्यास महिने लागतात. म्हणून प्रथम चार ते सहा आठवडे हात झोळींत ठेवावयाचा. वेदना आधीं शमते, कंडरा मागाहून सांधते. यामुळें हात हलका वाटूं लागतो तोच काळ धोक्याचा. बरें वाटणें म्हणजे बरें होणें नव्हे, एवढें कळलें कीं धीर आपोआप येतो, असें आम्ही सुशिक्षित सहज म्हणतों.

हेंच वचन बारामती-इंदापूरकडील उंसाच्या फडांत उच्चारून पाहावें. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांसाठीं ऊंस तोडावयास येणारें जोडपें 'कोयता' या एकाच नांवानें मोजलें जातें. उचल आधींच घेतलेली, मजुरी टनावर. मोळी वाहतांना एकाचा खांदा गेला कीं दोघांची कमाई घटते. असा मनुष्य दुसऱ्याच आठवड्यास फडांत उतरला, तर त्यास अधीर कोणीं म्हणावें?

धीर हा एकट्या रोग्याचा गुण नव्हे. पगारी रजा, घास भरविणारा हात, सदऱ्याची बाही चढविणारें माणूस, यांच्या आधारावर तो उभा असतो. आमचा धीर पुष्कळ अंशीं आम्हांस दुसऱ्यांनीं दिलेला असतो. तेव्हां जो त्या मजुरास धीराचा उपदेश करील, त्यानें त्याच्या सहा आठवड्यांच्या भाकरीची सोय आधीं सांगावी.