एका मण्याचा फरक

मधुमेह आता आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत पोचला आहे. इन्शुलिनची सुई कुणाला नवी राहिलेली नाही. पण 1982 मध्ये मानवी इन्शुलिन बाजारात येण्यापूर्वी हे औषध प्रामुख्याने गायीबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. त्यामुळे आपल्या रुग्णांपुढे पेच असे. जीव वाचवायचा की हराम टाळायचे? मजबुरीत सूट आहे, असे आलिमांनी समजावले तरी मनातली किळस जात नसे.

त्या औषधात असते तरी काय? इन्शुलिन हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तसबीहचे मणी ओवावेत तशी ओवलेली. मुंगीपासून माणसापर्यंत साऱ्यांची प्रथिने मुख्यतः त्याच 20 प्रकारच्या मण्यांतून घडतात. केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी वर्षानुवर्षे खपून 1955 पर्यंत गायीच्या इन्शुलिनमधील मण्यांचा क्रम लावला. एकूण मणी 51. एक माळ 21 मण्यांची, दुसरी 30 मण्यांची. दोन्ही गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या. माणसाचे इन्शुलिन गायीच्या इन्शुलिनहून तीन मण्यांनी वेगळे आहे आणि डुकराच्या इन्शुलिनहून फक्त एका. मोठ्या माळेच्या टोकाला आपल्याकडे थ्रिओनिन, तर डुकराकडे अ‍ॅलानिन. बाकीचे 50 मणी तेच.

मग हलाल-हरामाला अर्थ उरला नाही, असे म्हणायचे का? तसे नाही. बंधन माणसावर असते, रेणूवर नसते. दारू आपोआप आंबून तिचा सिरका झाला, तर तो आपण हलाल मानतो. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन ही मूलद्रव्ये दोन्हींत तीच. रचना बदलली आणि हुकूमही बदलला. म्हणजे पावित्र्य किंवा विटाळ अणूंना कायमचा चिकटलेला असतो, असे आपल्या परंपरेनेही मानलेले नाही.

पण आपण तसे मानतो, आणि तेही औषधापेक्षा सोयरिकीत जास्त. स्थळ आले की मुलाची कमाई आणि चालचलन यांच्याही आधी बिरादरी विचारली जाते. सय्यदाच्या घरी पिंजाऱ्याचे, पठाणाच्या घरी तांबोळ्याचे स्थळ सांगून पाहा. “खून में फरक है,” असे वडीलधारे शांतपणे सांगतात. कुणी कुफूचा दाखला देतात; पण बरोबरीत दीनदारी पाहावी यावर फकीहांचे जसे एकमत आहे, तसे वंशावर नाही. आणि खून म्हणाल, तर त्यात वाहणारे इन्शुलिन, दुर्मीळ जन्मदोष सोडले तर, सय्यदाचे आणि पिंजाऱ्याचे 51 च्या 51 मण्यांत एकच आहे. शेजारच्या मराठ्याचे आणि महाराचेही तेच. डुकराशी आपला एका मण्याचा फरक आहे. इथे तेवढाही नाही.

माणसाने माणसाशी कसे वागावे, हे रसायनशास्त्र सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावे लागते. मात्र रक्ताचा बहाणा आता पुढे करता येणार नाही. स्वतःच्या जिवावर बेतले तेव्हा आपण मजबुरीची सूट घेतली आणि ते योग्यच केले. पण बिरादरीच्या हट्टापायी कितीतरी शिकलेल्या मुली घरी बसून आहेत. त्यांच्यासाठी सूट मागायला आपल्यापैकी कोण आलिमाकडे गेले? तिथे तर सूट मागण्याचीही गरज नव्हती.