पूर्वजांसाठी मांडलेले पान

चिनी कुटुंबात नव्या वर्षाची तयारी सुरू होते ती जुन्या वर्षाचे देणे फेडण्यापासून. उधारी-उसनवारी वर्ष सरण्यापूर्वी चुकती करावी, कर्जाचे ओझे डोक्यावर घेऊन नव्या वर्षाचा उंबरठा ओलांडू नये, असा तेथील जुना संकेत आहे. त्यांचे पंचांग आपल्याकडील पंचांगाप्रमाणेच चंद्र आणि सूर्य या दोहोंच्या गतींची सांगड घालणारे असल्यामुळे वर्षारंभ २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान कधीतरी येतो. त्याआधी घराचा कानाकोपरा झाडून काढतात. वर्षारंभाच्या दिवशी मात्र केरसुणीला हात लावत नाहीत, कारण आलेले भाग्य केराबरोबर बाहेर जाईल अशी समजूत आहे. बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या अथवा चोविसाव्या दिवशी चुलीच्या देवतेला निरोप दिला जातो. तिचे कागदी चित्र वर्षभर चुलीजवळ लावलेले असते. ती स्वर्गातील सम्राटाकडे जाऊन घरातील बऱ्यावाईटाचा वृत्तांत सांगते, म्हणून चित्र जाळण्यापूर्वी तिच्या ओठांना मध किंवा चिकट मिठाई लावतात. बोललीच तर गोड बोलावी, नाहीतर तोंडच उघडू नये, हा त्यामागील हेतू!

वर्षाच्या शेवटच्या रात्री सारे कुटुंब एकत्र जेवते. उत्तरेकडे गव्हाच्या पारीत सारण भरलेले, करंजीच्या आकाराचे जिआओझ उकळत्या पाण्यात शिजवतात. दक्षिणेकडे चिकट तांदळाच्या पिठाचा निएनगाओ करतात. पानात मासा असतो आणि तो मुद्दाम थोडा शिल्लक ठेवतात, कारण चिनी भाषेत ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ या दोन शब्दांचा उच्चार सारखाच होतो. दारावर लाल कागदावर लिहिलेली शुभवचने लागतात. रात्र जागून काढतात. सकाळी मुले वडीलधाऱ्यांना वंदन करतात व लाल पाकिटातून पैसे मिळवतात. दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी येतात आणि पंधराव्या दिवशी कंदिलांच्या उत्सवाने सणाची सांगता होते.

परंतु पारंपरिक घरात जिवंत माणसे जेवायला बसण्यापूर्वी पहिले पान पूर्वजांचे असते. त्यांची नावे लिहिलेल्या लाकडी पाट्यांसमोर अन्न मांडतात, उदबत्त्या लावतात आणि घरातील सर्व जण गुडघे टेकून, कपाळ भूमीला लावून नमस्कार करतात. या नमस्काराचा अर्थ काय? तो मान आहे की आराधना? हा प्रश्न वरकरणी दूरच्या देशातला वाटतो. तथापि त्याने ख्रिस्तसभेला सुमारे तीनशे वर्षे अस्वस्थ केले, आणि नीट पाहिल्यास तो आपल्याही घरातला आहे.

येशूसंघीय धर्मगुरू मातेओ रिच्ची १५७८ साली गोव्यात आले, तेथे त्यांनी ईशज्ञानाचे अध्ययन केले आणि १५८२ साली मकावला पोहोचले. १६०१ मध्ये त्यांना पेकिंगमध्ये राहण्याची अनुमती मिळाली व १६१० साली तेथेच त्यांचा देह विसावला. चिनी विद्वानांच्या ग्रंथांत त्यांनी स्वतःला बुडवून घेतले. त्यांचे निरीक्षण असे होते की, मृत वडील येऊन हे अन्न खातात असे सुज्ञ चिनी माणूस मानत नाही. प्रेम व कृतज्ञता व्यक्त करण्याचा याहून चांगला मार्ग त्याला ठाऊक नाही, एवढेच. शिवाय हा विधी मृतांपेक्षा जिवंतांच्या उपयोगाचा आहे, कारण मेलेल्या बापाला मान देणारे मोठे पाहून मुले जिवंत आईबापांची सेवा करायला शिकतात. म्हणून ख्रिस्ती झालेल्यांना हा आचार पाळू द्यावा, असे त्यांनी ठरवले.

त्यांच्यामागून आलेल्या डॉमिनिकन व फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना हे पटले नाही. त्यांना संकुचित वृत्तीचे ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. रिच्ची विद्वानांच्या दिवाणखान्यात वावरले होते, हे धर्मगुरू खेड्यापाड्यांत राहिले. तेथे त्यांनी पाहिले की, पूर्वज कोपले तर पीक बुडते आणि प्रसन्न झाले तर घराची भरभराट होते, या भावनेने लोक ताट मांडतात. पाटीवर तर ‘आत्म्याचे आसन’ अशा अर्थाचे शब्द लिहिलेले असत. पहिली आज्ञा कशी विसरावी?

वाद रोमपर्यंत गेला. १६९२ मध्ये कांग्शी सम्राटाने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती, आणि १७०० साली या विधींचा हेतू केवळ आदर व्यक्त करण्याचा आहे असा निर्वाळाही दिला होता. तरीही १७०४ व १७१५ मध्ये पोप क्लेमेंट अकरावे यांनी हे विधी निषिद्ध ठरवले. केवळ मृताचे नाव असलेली साधी पाटी तेवढी ठेवण्यास मुभा राहिली. १७२१ मध्ये संतप्त सम्राटाने धर्मप्रसारावर बंदी घालण्याचा आदेश दिला, १७२४ मध्ये त्याच्या पुत्राने ती अधिक कठोर केली. १७४२ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी निषेध अंतिम केला आणि प्रत्येक मिशनऱ्याला तो पाळण्याची शपथ घ्यावी लागली.

या आदेशांचा अर्थ एका घरात काय होत असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. वर्षाची शेवटची रात्र आहे. म्हातारी आई, भाऊ, भावजया, मुले पाट्यांसमोर वाकली आहेत आणि ख्रिस्ती झालेला थोरला मुलगा ताठ उभा आहे. ज्या विधीचा पहिला मान त्याचाच, त्यातून त्याने अंग काढून घेतले आहे. शेजाऱ्यांच्या दृष्टीने त्याने बापाला नाकारले. त्याच्या स्वतःच्या मनात मात्र चौथी आज्ञा पहिल्या आज्ञेसमोर उभी आहे. असे प्रसंग एक-दोन वर्षे नव्हे, दोन शतके घडत राहिले.

पुढे ८ डिसेंबर १९३९ रोजी पोप पायस बारावे यांच्या मान्यतेने रोमहून नवा आदेश निघाला. कालौघात या आचारांना केवळ आदराचा नागरी अर्थ उरला आहे, म्हणून मृतांच्या प्रतिमेसमोर अथवा नाव असलेल्या पाटीसमोर मस्तक नमवणे उचित आहे, असे त्यात म्हटले होते. मिशनऱ्यांची शपथही रद्द झाली. मग सत्य बदलले काय? ज्यांनी आज्ञा पाळून आप्तांचा रोष पत्करला, त्यांचे आज्ञापालन वाया गेले काय?

माझ्या मते येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. ‘आराधना केवळ परमेश्वराची’ हे तत्त्व १७४२ मध्ये होते, १९३९ मध्ये होते आणि आजही आहे. ‘हा विशिष्ट नमस्कार आराधना आहे किंवा नाही’ हा निर्णय वस्तुस्थितीविषयीचा होता, आणि वस्तुस्थिती पाहणाऱ्याचे अंतर, भाषा व काळ यांनुसार निर्णय बदलू शकतो. तत्त्वासाठी ज्यांनी सोसले, त्यांचे सोसणे देवाच्या दृष्टीने खरेच आहे. परंतु दुसऱ्याच्या नमस्काराचा अर्थ ठरवणाऱ्याने प्रथम त्याची भाषा शिकावी, हा धडाही तितकाच खरा आहे. त्या धड्याची किंमत चीनमधील श्रद्धावंतांनी मोजली. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात रिच्ची यांना ‘वंदनीय’ म्हणून घोषित करण्यात आले, यात त्या धड्याची पोचपावती दिसते.

मग मान कोठे संपतो आणि मूर्तिपूजा कोठे सुरू होते? कसोटी बाह्य कृतीत पूर्णपणे सापडत नाही. उदबत्ती, फुले, दिवे आपणही वापरतो. २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावतो. कसोटी अशी की, मृतांसमोर उभे राहताना माझ्या मनात कृतज्ञता आहे की सौदा? ‘तुम्ही मला वाढवले, मी तुम्हांला विसरलो नाही’ असे म्हणणारा मान देतो. ‘हे घ्या आणि माझे वाकडे करू नका’ असे म्हणणारा भयापोटी खंडणी भरतो. ती खंडणी पितरांना दिली, चुलीच्या देवतेला दिली अथवा एखाद्या संताच्या पुतळ्यासमोर पेटीत टाकली, तरी तिची जात बदलत नाही. देवतेच्या ओठांना मध लावणाऱ्यांना आपण हसतो. पण पापाचा मार्ग न सोडता नोव्हेना व नवस बोलून देवाला गोड बोलायला लावू पाहणारा ख्रिस्ती मनुष्य वेगळे काय करतो? आपला प्रभू वृत्तांताची वाट पाहत नाही. तो अंतःकरण जाणतो. म्हणूनच आपल्याला मध नव्हे, प्रायश्चित्त संस्कार दिला आहे.

याला दुसरी बाजूही आहे. पूर्वजांचे पान खोटे ठरते ते केवळ अंधश्रद्धेने नव्हे, जिवंतांच्या उपेक्षेनेही. आज चीनमध्ये लक्षावधी आईबाप दूरच्या शहरांत कामाला असतात, नातवंडे खेड्यात आजीआजोबांजवळ वाढतात. वर्षारंभाच्या सुमारास कोट्यवधी माणसे गाड्यांत दाटीवाटीने बसून घरी परततात; काही मुले वर्षातून त्या एकाच वेळी आईचा चेहरा पाहतात. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने हा सण मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. त्या वारशाचा गाभा फटाके वा लाल कंदील नव्हेत. एका रात्रीसाठी घरी पोहोचण्याची ती धडपड आहे. आपलेही कितीतरी मुलगे-मुली आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत. आईवडिलांच्या कबरीला संगमरवर बसवणे सोपे, हयात असताना त्यांच्यापाशी बसणे कठीण!

ख्रिस्तसभेने आज हे दोन्ही सांभाळायचे ठरवले आहे. तैवानमध्ये वर्षारंभाच्या मिस्सानंतर पूर्वजांना वंदन करण्याचा विधी १९७० च्या दशकापासून रूढ झाला. २०१८ मध्ये वर्षारंभ राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी आला, तेव्हा जगभरातील अनेक बिशपांनी चिनी श्रद्धावंतांना त्या दिवसाच्या मांसवर्जनातून सूट दिली आणि त्याऐवजी दुसरे सत्कृत्य करण्यास सांगितले. कुटुंबाचे एकत्र जेवण हेही पवित्र आहे, ही त्यामागील जाणीव.

आपण प्रत्येक मिस्सात मृतांसाठी प्रार्थना करतो. संतांच्या सहभागित्वावर आपली श्रद्धा आहे, म्हणून आपले मृत आपल्याला परके झालेले नाहीत. ते कोपतील अशी भीती नाही आणि त्यांना भुलवण्याची गरज नाही. त्यांचे जे देणे आपल्याकडे आहे ते प्रार्थनेने आणि त्यांनी मागे ठेवलेल्या माणसांच्या सेवेने फेडायचे असते. ज्या भावाशी बोलणे तुटले आहे, तोही त्याच आईबापांनी मागे ठेवलेला आहे. नवे वर्ष जानेवारीत येवो वा पाडव्याला, त्याचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी ते देणे चुकते करावे.