छंदाची शर्यत लावावी काय?

आगगाडीच्या प्रवासाचा छंद असणाऱ्यांची दूरचित्रवाणीवर स्पर्धा घ्यावी, अशी एक कल्पना काही तरुण मंडळींनी अलीकडे आमच्यापुढे मांडली. तिचे स्वरूप असे: आठ-दहा स्पर्धक, प्रत्येकाजवळ सारखेच पैसे, आरक्षण कोणालाच नाही. सुरतेहून निघायचे, नेमून दिलेली स्थानके गाठायची, कोणती गाडी कोठे सोडायची व कोणती धरायची हे ज्याचे त्याने ठरवायचे आणि जो सर्वांच्या आधी परतेल तो विजेता. कॅमेरा अर्थातच सोबत. कल्पना चटकदार आहे यात शंका नाही. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना तर आगगाडीची ओढ उसनी आणावी लागत नाही. उधना, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार ही ताप्ती मार्गावरील नावे आपल्या कित्येक घरांत पाढ्यांसारखी पाठ असतात. परंतु चटकदार तेवढे योग्य असतेच असे नाही. या कल्पनेच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: जी गोष्ट माणूस केवळ तिच्या ओढीने करतो, तिची शर्यत लावली असता ती गोष्ट तीच राहते काय?

असे प्रयोग जगात झालेले आहेत. नेली ब्लाय ही अमेरिकन पत्रकार १४ नोव्हेंबर १८८९ रोजी न्यूयॉर्कहून निघाली आणि आगगाड्या व आगबोटींनी ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतली. तिला किती वेळ लागेल हे ओळखणाऱ्यासाठी तिच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राने वाचकांत स्पर्धा लावली होती. आज जे काम दूरचित्रवाणी करते, ते त्या काळी वृत्तपत्रे करीत. जपानमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या ‘टीव्ही चॅम्पियन’ या कार्यक्रमात नाना छंदांच्या जाणकारांचे सामने होत. त्यांत रेल्वेच्या जाणकारांचेही झाले.

ब्लायपुढे उदाहरण होते ते ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या, ऐंशी दिवसांतील जगप्रदक्षिणेवरील १८७३ च्या कादंबरीचे. तिचा नायक फिलियस फॉग पैजेखातर निघालेला आहे. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारी त्याची गाडी खानदेशातून बऱ्हाणपुरास येते आणि पुढे काही अंतर ताप्तीच्या काठाने धावते. ही नदी सुरतेजवळ खंबायतच्या आखातास मिळते, हेही व्हर्न नमूद करतो. लेखकाला आपली ताप्ती दिसली. नायकाला मात्र तिचे कुतूहल नाही. बोटीवर तो पत्ते खेळतो, गाडीत गप्प असतो; त्याचे सारे लक्ष घड्याळात. पुढे लोहमार्ग अपुरा निघतो, हत्ती विकत घ्यावा लागतो आणि वाटेत एका तरुण विधवेला सती घालण्यासाठी नेत असल्याचे त्याला दिसते. हिशेबापेक्षा बारा तास अगोदर असलेला हा मनुष्य ते बारा तास तिला वाचवण्यासाठी देऊ करतो. शर्यतीत कमावलेला वेळ त्याने शर्यतीबाहेरच्या कामाला लावला आणि साऱ्या प्रदक्षिणेत त्याच्या हाती जे खरे लागले, ते याच थांबण्यातून लागले. हीच स्त्री अखेरीस त्याची पत्नी होते.

या प्रश्नाचा उलगडा करण्यास ॲलॅस्डेअर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९८१ साली दिलेला एक दाखला उपयोगी पडतो. एका हुशार मुलाला खाऊचे आमिष दाखवून बुद्धिबळ शिकवले. जोवर तो खाऊसाठी खेळतो, तोवर लबाडी करून जिंकण्यात त्याला तोटा नाही. परंतु ज्या दिवशी त्याला खेळातच गोडी वाटू लागेल, त्या दिवसापासून लबाडीने तो स्वतःलाच फसवील. एक फळ खेळाच्या आत असते, दुसरे बाहेरून बांधलेले असते. पहिले मिळवण्यास खेळावेच लागते. दुसरे अन्य वाटांनीही मिळते.

आगगाडीच्या छंदाचे आतले फळ कोणते? आम्हांस वाटते, ते अवधान आहे. नवापूर स्थानक घ्या. दोन राज्यांची सीमा या स्थानकातूनच जाते; तिकीटखिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत; घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत. दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना आपलीच कथा त्या फलाटावर मांडलेली दिसते. छंदी माणूस येथे उतरतो, फिरतो, पुढची गाडी उशिरा आली तर मनातून सुखावतो. स्पर्धकासाठी तोच उशीर आपत्ती आणि तेच नवापूर निव्वळ दोन मिनिटांचा खोळंबा. दोघांनी प्रवास एकाच गाडीतून केला. परंतु दोघांनी केलेली गोष्ट एकच होती असे म्हणता येणार नाही.

यावर सुज्ञ वाचक आक्षेप घेतील की स्पर्धेने कलेचे भले झाल्याचा अनुभव आपल्या मराठी माणसांइतका कोणाला आहे? पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन रंगभूमीला किती नट, किती लेखक दिले! आक्षेप रास्त आहे. परंतु त्या स्पर्धेत रंगमंचावर दिसते ते नाटकच असते आणि परीक्षक गुण देतात तेही नाटकालाच. अवधान मात्र पडद्यावर दिसत नाही. जे दिसत नाही ते मोजता येत नाही, म्हणून जे मोजता येते तेच, म्हणजे घड्याळ आणि पाठांतर, छंदाच्या जागी येऊन बसते.

मोजणे हाच दोष आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. मियावाकी शुन्झो या जपानी संपादकाने नोकरी सांभाळून आपल्या देशातील सरकारी रेल्वेचा प्रत्येक मार्ग, सुमारे वीस हजार किलोमीटर, प्रवास करून १९७७ साली पुरा केला व त्यावर पुस्तक लिहिले. हिशेब त्यानेही ठेवला; परंतु त्यात कोणाला हरवायचे नव्हते. आपल्याकडे पुण्याच्या भाऊ जोशी यांनी लहान आकाराच्या आगगाड्यांचा छंद आयुष्यभर जोपासला आणि १९९८ साली त्याचे संग्रहालय सर्वांसाठी खुले केले. दोघांनीही आपल्या वेडाचा लाभ इतरांना दिला. शर्यतीत एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते. या दोन छंदांत तसे काहीच नव्हते.

आता या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू. आगगाडी हे क्रीडांगण नाही. सुरतेच्या यंत्रमागांवर राबणारा खानदेशचा, ओडिशाचा, बिहारचा कामगार त्याच अनारक्षित डब्यात उभा असतो, ज्यात या स्पर्धकाला शिरायचे आहे. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीसाठी गावी निघालेल्यांच्या गर्दीत, आपल्याच सुरत स्थानकावर चेंगराचेंगरी होऊन एका प्रवाशाचा जीव गेला. ज्या दारातून शिरण्यासाठी माणसे जिवावर उदार होतात, त्याच दारातून कोणी बक्षिसासाठी, मागे कॅमेरा घेऊन घुसावे काय? स्पर्धकाची गाडी चुकली तर त्याचा एक डाव जातो. कामगाराची चुकली तर त्याची दिवाळी जाते, क्वचित रोजगारही. या दोघांना एका पायरीवर आणून त्याची करमणूक करणे आम्हांस अन्यायाचे वाटते. आणि ज्याची परवानगी कोणी विचारली नाही, असा सहप्रवासी पडद्यावर केवळ अडथळा म्हणून दिसावा, ही त्याची अप्रतिष्ठा आहे.

स्पर्धा होऊच नये, असा आमचा हट्ट नाही. सणासुदीचे दिवस टाळावेत. स्पर्धकांनी आरक्षित जागेवरूनच प्रवास करावा. वेगाला एकही गुण नसावा. प्रत्येकाने एकेका स्थानकाविषयी स्वतः पाहिलेले व समजून घेतलेले सांगावे आणि त्याची पारख त्या मार्गावर नित्य ये-जा करणाऱ्यांनी करावी. अशा कार्यक्रमात उत्कंठा कमी असेल आणि जाहिरातदारही कदाचित फिरकणार नाहीत. या अटी पाळणे परवडत नसेल, तर स्पर्धा झाली नाही म्हणून छंदाचे काही बिघडत नाही.

मुंबईस जाणाऱ्या फ्लाइंग राणीला १९७९ साली दुमजली डबे लागले आणि २०२३ साली ते निघाले. या चव्वेचाळीस वर्षांत वरच्या मजल्यावरील खिडकी मिळावी म्हणून किती मुलांनी वडिलांचा हात ओढला असेल, याची नोंद कोठेही नाही. त्यांना बक्षीस कोणी दिले नाही आणि त्यांनी ते मागितलेही नाही. खिडकी मिळाली की त्यांचे मागणे संपत असे.