बराकीतला शाब्दबोध

शब्दाचा अर्थ कळतो कसा, या प्रश्नावर न्याय आणि मीमांसा दर्शनांनी बरीच चर्चा केली आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध ध्यानात येणे म्हणजे शक्तिग्रह. त्याचे मुख्य साधन वृद्धव्यवहार. एक वडीलधारा दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो, दुसरा गाय आणतो आणि पाहणारे मूल अर्थ उचलते.

गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीचा माडिया आदिवासी कैदी चंद्रपूर किंवा नागपूरच्या तुरुंगात भाषा शिकतो ती साधारण अशीच. त्याची बोली गोंडीच्या गोतातली, द्राविडी कुळाची. तेव्हा त्याला पहिली परकी भाषा मराठीच. इंग्रजी तिच्या मागून येते, तीही सुट्या शब्दांनी. शिपाई ‘मुलाखत’ म्हणून नाव पुकारतो, कोणीतरी उठून जाळीकडे जातो; शब्द कळला. चार्जशीट, वॉरंट, बेल हेही असेच. (बेल म्हणजे महादेवाला वाहायचा नव्हे, जामीन, इथे मराठी कैदीही पहिल्यांदा अडखळावा.)

टिळकांनी मंडालेत जर्मन-फ्रेंचचा अभ्यास केला, विनोबांनी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतल्या चार भाषा शिकून घेतल्या. देह कोंडला तरी चित्त मोकळे, असा दाखला त्यावरून दिला जातो. पण मंडालेला जाण्यापूर्वी, १९०८ साली, टिळकांनी मुंबईच्या हायकोर्टात ज्युरीपुढे इंग्रजीतून एकवीस तासांवर भाषण करून स्वतःची बाजू मांडली होती. आरोपाची भाषा त्यांना शिकायची नव्हती. माडिया कैद्याला तीच शिकायची असते. जबाब मराठीत लिहिला जातो, अपील नागपूर खंडपीठात गेले की कागद इंग्रजीत होतात. खालचा अंगठा तेवढा त्याचा.

वृद्धव्यवहाराची मर्यादाही इथेच दिसते. मुलाखत डोळ्यांना दिसते. ‘कट’, ‘हेतू’, ‘चिथावणी’ हे शब्द दिसत नाहीत. बराकीत कितीही वर्षे काढली तरी ते नुसते पाहून कळणारे नाहीत, आणि खटला तर बहुधा त्यांच्यावरच उभा असतो. अशा शब्दांसाठी नैयायिकांनी सांगितलेले विवृती हे वेगळे साधन लागते: कळलेल्या शब्दांनी न कळलेल्याचा उलगडा. २०२४पर्यंत लागू असलेल्या १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७९ हेच मागत होते. साक्ष आरोपीला समजत नसेल, तर समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगितली पाहिजे. दुभाषाच माडिया जाणणारा नसला, तर कलम पाळूनही बोध होत नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या एका स्थानबद्धाचे असेच, न कळणाऱ्या भाषेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली निकाली काढले. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते ओळखले जाते. त्याला फक्त हिंदी येत होती, स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. इंग्रजी ही राजभाषाच आहे, असा शासनाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. तोंडी समजावून सांगणेही पुरेसे नाही, त्याला वाचता येईल अशा भाषेत आणि लिपीत कागद हवा, असे ठरवून त्याची सुटका केली.